उचल आधी मिळते, स्कॉलरशिप मागून येते

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात, ट्रॅक्टर भरायला सुरू होतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, लहान लेकरं सगळं त्यात घालून मंडळी निघतात सांगली-कोल्हापूरला, नाहीतर सरळ कर्नाटकात, ऊस तोडायला. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिल उजाडतो. आणि नेमक्या याच दिवसांत इकडं तालुक्याच्या कॉलेजात, जिथं मी स्कॉलरशिपच्या टेबलावर बसतो, महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे, फॉर्म भरणं चालू असतं. फॉर्मला ओटीपी लागतो, ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर असतो बापाच्या मोबाईलमध्ये आणि बाप असतो कुठल्यातरी उसाच्या फडात, जिथं रेंज नाही आणि चार्जिंगही नाही. पोरगं माझ्यासमोर उभं राहून फोन लावत राहतं, लागला तर बाप म्हणतो थांब, वाचता येत नाही, कुणाला तरी दाखवतो, आणि तोवर दहा मिनिटं होऊन गेलेली असतात. असं एकाच पोराचं तीन तीन दिवस चालतं.

आता उचलीचं, म्हणजे कामाआधी मिळणाऱ्या रोख पैशाचं, बघा. मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा ठेकेदार, येतो पावसाळ्यात, ज्या वेळी घरात बियाण्याला पैसे नसतात, कुणाचं दुखणं असतं, पोराच्या ॲडमिशनचा विषय असतो. एका कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, तो रोख पैसे हातावर ठेवतो आणि काम व्हायचं असतं चार महिन्यांनी. दाखला मागत नाही, अपलोड करायला लावत नाही. उचल म्हणजे काही उपकार नाहीत, ती फेडता फेडता माणसांच्या दोन दोन पिढ्या फडात अडकल्या, हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी त्याच गावांतला आहे. पण घराला पैसा कधी लागतो हे मुकादमाला बरोबर कळतं. सरकारची स्कॉलरशिप येते वर्ष सरत आल्यावर, कधी पुढचं वर्ष निम्मं झाल्यावर. मधल्या काळात खोलीभाडं, मेस, पुस्तकं, गावाकडं यायचं-जायचं भाडं कशातून भागवायचं? बाप पुन्हा उचल घेतो. म्हणजे जी स्कॉलरशिप पोराला फडातून बाहेर काढायला आहे, ती उशिरा आल्यामुळं बापाला आणखी एक हंगाम फडात जावं लागतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. स्कॉलरशिप पोराला ॲडमिशनच्या आधी कळली पाहिजे आणि तिचा पहिला पैसा ॲडमिशनच्या टायमालाच हातात पडला पाहिजे. त्यानंतर कळलेली आणि त्यानंतर आलेली स्कॉलरशिप कागदावर कितीही मोठी असली तरी जो निर्णय घरात व्हायचा तो होऊन गेलेला असतो.

एक पोरगी माझ्या डोक्यातून जात नाही. २०२४ ला बारावी सायन्स झाली, चांगले मार्क, सीईटीही दिलेली होती. ओबीसी, बाप ऊसतोड कामगार. कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजची फी लाखाच्या आसपास आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि घरात विषय तिथंच मिटला. जूनमध्ये ती आमच्याकडं बीएला आली. टीसी, मार्कमेमो, दोन फोटो, मी फॉर्म घेतला, पावती दिली, बाळा नीट शिक म्हणलं. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला की ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असंल आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असंल, तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मीच होती. निर्णयाची बातमी मी वाचली होती, टेबलावर चर्चाही केली, पण त्या पोरीला फोन करून सांगावं हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ती आता बीएची विद्यार्थिनी होती आणि इंजिनिअरिंगच्या योजना माझ्या टेबलावर येतच नाहीत. दिवाळीनंतर ती स्वतःच विचारायला आली, सर असं काही निघालंय का. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपलेल्या. चूक माझी आहे आणि मी ती मान्य करतो. पण मी हेही म्हणतो की एका क्लार्कच्या आठवणीवर एका पोरीचं करिअर लटकलेलं असणं ही व्यवस्थेची चूक आहे.

आणि बीए म्हणजे वाईट असं मला म्हणायचं नाही, मी स्वतः बीए आहे. तिनं ते निवडलेलं नव्हतं, एवढंच.

योजना नाहीत असं कुणी म्हणू नये, योजना भरपूर आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून चालू आहे. खुल्या प्रवर्गातल्या पोरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असंल तर निम्मी फी, आपल्याकडं अजून तिला ईबीसीच म्हणतात. एससी आणि नवबौद्ध पोराला सरकारी होस्टेल नाही मिळालं तर स्वाधार आहे, त्यात संभाजीनगरला राहणाऱ्याला वर्षाला ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. एसटी पोरांना तसंच पंडित दीनदयाळ स्वयम आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी अलीकडं ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आली, मराठा आणि खुल्या वर्गातल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हे झालं राज्याचं. केंद्राचं पोर्टल वेगळं, एनएसपी. बारावीला आपल्या शाखेत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत बसलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या पोराला तिथं पदवीला वर्षाला १२ हजार आणि पीजीला २० हजार मिळतात, फक्त दुसरी स्कॉलरशिप सोबत घेता येत नाही. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींना एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती, वर्षाला ५० हजार, एका घरात दोन मुलींपर्यंत. बीएस्सीला जाणारं पोरगं बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असंल तर इन्स्पायर, वर्षाला ८० हजार. खाजगी म्हणाल तर रिलायन्स फाउंडेशन दरवर्षी देशभरातून ५ हजार पोरं निवडतं आणि पूर्ण पदवीसाठी २ लाखांपर्यंत देतं, त्याला ऑनलाइन टेस्ट असते.

हे एवढं वाचताना तुम्हाला दम लागला ना? मला पाठ व्हायला कितीतरी वर्षं लागली, आणि अजूनही दरवर्षी एखादी अट बदलते. एक योजना समाज कल्याणकडं, एक इतर मागास बहुजन कल्याणकडं, एक उच्च व तंत्र शिक्षणकडं, एक दिल्लीला. सतरा वर्षांच्या पोरानं, ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बारावी पास झालंय, हे सगळं निकालापासून ॲडमिशनपर्यंतच्या एवढ्याशा दिवसांत शोधावं, समजून घ्यावं आणि आपण कशात बसतो ते ठरवावं अशी आपली अपेक्षा आहे. शहरातल्या घरात हे काम बाप करतो, मामा करतो, क्लासवाले करतात. तांड्यावरच्या पोराचा मामाही फडातच असतो.

बरं, सरकारला या पोराबद्दल माहिती नाही असंही नाही. बोर्डाकडं मार्क आहेत. सीईटी सेलकडं जात, उत्पन्न, मुलगा की मुलगी, रहिवास सगळं भरलेलं आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलनंच दिलेला आहे, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यानं. म्हणजे हे पोरगं कशाला पात्र आहे हे सरकारच्याच कागदात आहे आणि तरी सरकार त्या पोरालाच विचारतं की सांग, तू कशाला पात्र आहेस, आणि परत तेच कागद अपलोड कर, २५६ केबीच्या आत.

कागदांचं एक मराठवाड्यातलं वेगळं दुखणं आहे, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना लवकर समजत नाही. व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता लागते. वैधतेला जुना पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. आता १९५० च्या आधी आपल्याकडं कोणतं राज्य होतं? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामात होतो. रेकॉर्ड उर्दूत, कुठं मोडीत. आणि सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आज्याचा किंवा पणज्याचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, पण आजा शाळेत गेलाच नव्हता तर उतारा कुठून यायचा? गावात शाळा नव्हती, असली तरी त्याला आत घेत नव्हते. ज्या घराला शिक्षण मिळालं नाही त्या घरासाठीच स्कॉलरशिप आहे, आणि पुरावा मागायचा तो शिकल्याचा. मी माणसं पाहिलीत जी पोराच्या वैधतेसाठी चुलत पणज्याचं नाव शोधत तीन तालुके फिरली, त्यात मजुरी बुडाली ती वेगळीच, आणि तोवर मुदत गेली.

महिना महिना उशीर झाला तर काय बिघडतं असं विचारणारे लोक मला भेटतात, चांगली शिकलेली माणसं असतात. त्यांना मी मॅट्रिकोत्तरचा निर्वाह भत्ता सांगतो. अनुसूचित जातीतलं बीए, बीकॉमला असलेलं आणि घरून येऊन-जाऊन करणारं पोरगं असंल तर वर्षाला ३ हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. होस्टेलवर राहत असंल तर वर्षाला ६ हजार. एवढ्यात महिन्याची मेस तर सोडाच, तालुक्याला रोज एसटीनं यायचं भाडं निघत नाही. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलीला एसटीचा पास फुकट असतो, बारावी झाली की तो बंद, आणि मला तर वाटतं कितीतरी पोरींचं कॉलेज या एका पासामुळं सुटत असंल. एवढी छोटी रक्कम आणि तीही वर्षानंतर. श्रीमंताला अडीचशे रुपये उशिरा आले तर त्याला कळतही नाही, गरिबाचा त्यात सोमवार ते शनिवार अडकलेला असतो.

दुसरी एक गोष्ट उत्पन्नाच्या मर्यादेची. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा २०१३ ला ठरली आणि ती तिथंच आहे. तेव्हापासून गॅसची टाकी, मेसचा डबा, खोलीचं भाडं कुठल्या कुठं गेलं. अडीच लाख म्हणजे महिन्याला वीस-एकवीस हजार. बाप वाळूजला कंपनीत सिक्युरिटीला असंल, ओव्हरटाइम करून बावीस हजार घेत असंल, तर पोरगं गेलं यादीच्या बाहेर. फी फ्रीशिप नावाच्या फीमाफीतून भागते, पण भत्ताही नाही आणि स्वाधारही नाही. मी बघितलंय की असे बाप हताश होऊन विचारतात, साहेब ओव्हरटाइम बंद करू का? याला काय उत्तर द्यायचं. मर्यादा महागाईला बांधली पाहिजे, म्हणजे दरवर्षी आपोआप वाढंल, कुणाला मोर्चा काढायची गरज पडणार नाही.

आपल्याकडं बाबासाहेबांचं नाव सगळे घेतात, मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला १९९४ उजाडलं आणि त्याआधी नामांतरासाठी काय काय घडलं ते इथल्या माणसाला माहिती आहे. पण बाबासाहेब शिकले कसे हे जरा नीट बघा. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना महिन्याला २५ रुपये दिले. १९१३ ला कोलंबियाला गेले तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार लिहून घेतला. करार कडक होता. पण पैसे शिकतानाच्या महिन्यात मिळत होते. न्यूयॉर्कला जा, कर्ज काढून खा, पदवी घे आणि मग बिल लाव, असं सयाजीराव म्हणाले असते तर काय झालं असतं याचा विचार केला की मला कसंतरीच होतं. आणि हेच बाबासाहेब पुढं औरंगाबादला आले, १९५० ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, ज्याचं पुढं मिलिंद झालं, कारण इथल्या पोरांना पदवीसाठी हैदराबादला जावं लागायचं आणि ते परवडणारे थोडेच होते. कॉलेज पोराच्या जवळ आणायचं हा विचार त्यांनी केला. आपल्याला आता तोच विचार स्कॉलरशिपच्या बाबतीत करायचाय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्येसुद्धा येतो, की पोरांना सगळं आयतं दिलं तर ते धडपड कशाला करतील, रील बघायला नेट आहे मग स्कॉलरशिप शोधायला का नाही. मी हे समजू शकतो, मलाही कधी कधी चीड येते, शेवटच्या दिवशी रात्री अकराला फोन करणारी पोरं असतात. पण धडपड अभ्यासात करू द्या ना. पहाटे चारला उठून दूध घालून, मग एसटी धरून कॉलेजला येणाऱ्या पोराची आणखी कसली परीक्षा घ्यायची? पोर्टलवर कुठला टॅब दाबायचा हे शोधण्यात त्याची कुठलीच हुशारी सिद्ध होत नाही. आणि नेटवर शोधायला गेलं की काय सापडतं ते पण बघा, निम्म्या साइट मागच्या वर्षीच्या तारखा दाखवायलेत, काहीजण स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणून पाचशे-हजार रुपये घ्यायलेत आणि आधारचा नंबर, बँकेचे डिटेल्स मागायलेत. इथं एक सांगून ठेवतो, कुठलीही खरी सरकारी स्कॉलरशिप द्यायला कुणी आधी पैसे मागत नाही. जो मागतो त्याला पैसे देऊ नका, ओटीपी तर अजिबात नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पैसे आधी दिले तर बोगसगिरी होईल. झालेली आहे, खोटं कशाला बोलायचं. काही संस्थांनी नसलेले विद्यार्थी दाखवून स्कॉलरशिप उचलली, सरकारला २०१६ ला विशेष पथक नेमून चौकशी करावी लागली, आणि त्यानंतरच पैसे थेट खात्यावर द्यायची पद्धत, महाडीबीटी वगैरे, जोरात आली. ती पद्धत आली हे बरंच झालं, मी तिच्या बाजूचा आहे. पण बोगसगिरी केली संस्थांनी, आणि रांगेत उभं केलं पोरांना. आता तर पैसे पोराच्या आधार जोडलेल्या खात्यावर जातात, मग भीती कशाची आहे? सगळं वर्षाचं एकदम देऊ नका. ॲडमिशन कन्फर्म झाली की दोन महिन्यांचं द्या, हजेरी लागली की पुढचं दर महिन्याला द्या, पोरगं सोडून गेलं तर थांबवा. यात जास्तीत जास्त दोन महिन्यांचे पैसे बुडतील. उशिरा देण्यात जी पोरं बुडायलेत त्यांचा हिशेब कुठल्याच ऑडिटमध्ये येत नाही.

आणि जमत नाही असं सरकारनं आता म्हणू नये. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, अंगणवाडीच्या ताईंनी वस्त्यावस्त्यांवर फॉर्म भरून घेतले आणि ऑगस्टमध्ये बायांच्या खात्यावर पैसे पडायला सुरुवात झाली. माझ्या आईच्या खात्यावर पडलेत, मला त्याचा आनंदच आहे, तिला गोळ्या-औषधाला कुणाकडं मागावं लागत नाही. पण त्यातून एक सिद्ध झालं की इच्छा असली की कोट्यवधी माणसांपर्यंत दोन महिन्यांत पोचता येतं, दारात जाता येतं. मग कॉलेजची पोरं तर संख्येनं कितीतरी कमी आहेत आणि ती आधीच सरकारच्या यादीत आहेत.

करायचं काय, तर अवघड काही नाही. मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो तेव्हा मार्कमेमोसोबत एक पान द्यायचं, तुझ्या प्रवर्गाला, तुझ्या मार्कांना, अमुक अमुक योजना लागू होऊ शकतात, त्याला हे कागद लागतील. सीईटीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजच्या नावापुढं फी दिसते तिथंच, तुला प्रत्यक्षात किती भरावी लागेल, हा आकडा दिसला पाहिजे. मघाशी सांगितलेल्या पोरीच्या बापानं लाखाचा आकडा ऐकला होता. त्याच्या समोर शिक्षण फी शून्य आणि राहण्या-खाण्याला एवढे लागतील असा हिशेब आला असता तर त्यानं निदान एक रात्र विचार केला असता, एवढं मला त्या माणसाकडं बघून वाटतं. होस्टेल-मेसचा खर्च माफीत येत नाही, तो प्रश्न राहतोच, पण लाख आणि चाळीस हजार यात फरक आहे.

कॉलेजांनी पण बदललं पाहिजे, मी त्यात आमच्याही कॉलेजला धरतो. पात्र पोराकडून ॲडमिशनच्या वेळी पूर्ण फी घेऊ नका अशी शासनाची परिपत्रकं आहेत, पण आधी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ, असं सांगणाऱ्या संस्था मला माहिती आहेत, आणि परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट अडवणाऱ्याही. संस्थांचं पण खरं दुखणं आहे, सरकारकडून फीची रक्कम वेळेवर येत नाही, प्राध्यापकांचे पगार थकतात. पण ते भांडण सरकारशी करायचं सोडून सगळ्यात दुबळ्या माणसाशी करणं बरोबर नाही.

आणि प्रत्येक कॉलेजात या कामाला एक पूर्ण वेळ माणूस पाहिजे. माझ्याकडं स्कॉलरशिप आहे, सोबत परीक्षा फॉर्म आहेत, बोनाफाईड आहेत, कुणी रजेवर गेलं की कॅशही आहे. एखाद्या पोराचा फॉर्म सेंड बॅक, म्हणजे त्रुटी काढून परत, झाला तर तो का झाला हे बघायला मला आठ दिवस जातात, आणि पोराला तर तो सेंड बॅक झाल्याचंच माहिती नसतं, त्याला वाटतं भरलाय म्हणजे झालं. फॉर्म भरणं म्हणजे ज्वारी पेरल्यासारखं आहे, पेरून घरी बसलं तर हाती काही लागत नाही, अधूनमधून जाऊन बघावं लागतं.

सरकार हे करीपर्यंत थांबून चालत नाही म्हणून काही गोष्टी आम्ही गावात करायलो. उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवीन दाखला एप्रिल-मेमध्येच काढून घ्यायचा, जुलैच्या गर्दीत सेतू केंद्रावर उभं राहायचं नाही. लोकसेवा हक्क कायद्यात त्याला १५ दिवसांची मुदत आहे, पावती घ्या आणि दिवस मोजा. वैधतेचं काम अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. बँक खात्याचं एक मोठं लफडं असतं, पोराच्या नावानं चौथीत एक खातं काढलेलं, दहावीत दुसरं, बारावीत मोबाईलवर तिसरं, आणि पैसे जातात आधारला शेवटी जे जोडलं असंल त्या खात्यात, जे पोरगं वापरतच नाही. किती जण म्हणतात स्कॉलरशिप आली नाही आणि ती दोन वर्षं कुठल्यातरी बंद खात्यात पडलेली असते. बँकेत जाऊन एकदा आधार सीडिंग कुठं आहे, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय, ते विचारून घ्या. आणि आठवीतल्या पोराला एनएमएमएसला, म्हणजे केंद्राच्या स्कॉलरशिप परीक्षेला, बसवा, पास झालं की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार आहेत, आणि मराठा-कुणबी पोरगं त्यात पात्र ठरून यादीत नाही आलं तर सारथी या सरकारी संस्थेचे वर्षाला ९,६०० आहेत. आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांनी यात जीव लावलाय. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं कॉलेजात आली की फॉर्मच्या रांगेत लगेच ओळखू येतात, सगळे कागद फाईलला लावलेले असतात.

राहिला ओटीपी. मागच्या दसऱ्याच्या आधी आम्ही चार-पाच जण वस्तीवर गेलो, ट्रॅक्टर भरायच्या आत. ज्यांची पोरं कॉलेजात आहेत त्यांना सांगितलं की आधारला जोडलेलं सिमकार्ड पोरापाशी घरी ठेवून जा, तुम्ही दुसरं घ्या. बहुतेकांनी ऐकलं. एकानं तिथंच मोबाईलचं मागचं झाकण काढलं, सिम पोरीच्या हातात दिलं, तिनं ते वहीच्या कव्हरात घातलं. मग तो जरा वेळ तसाच बसला आणि म्हणला, पण सर, मुकादमाकडं हाच नंबर आहे, पुढच्या सालच्या उचलीचा फोन याच्यावरच येतो, तो हिच्याकडं गेला तर मग मला उचल कोण देईल?

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्याच्या पोरीची मागच्या वर्षीची स्कॉलरशिप त्या दिवसापर्यंत आलेली नव्हती.